लाकडांतली शकावली

मुळा नदीच्या कांठचें वाकड हें आतां केवळ नांवाचें गांव उरलें आहे. हिंजवडीच्या संगणक-उद्योगामागोमाग त्याच्या शेतांवर उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि चैत्री पौर्णिमेचें म्हातोबाचें बगाड आतां त्याच इमारतींच्या सावलींतून वाट काढीत येतें. अशा ठिकाणीं एखादें जुनें घर पाडलें जातें, तेव्हां त्याची माती आणि विटा भरावाला जातात. परंतु सागवानी खांब, तुळया व कड्या मात्र जपून उतरविल्या जातात. जुन्या सागाला गिऱ्हाईक असतें. वखारींत त्या तुळईवर करवत आडवी चालली, कीं कापलेल्या तोंडावर एकांत एक बसलेलीं वलयें दिसूं लागतात. कांहीं जोंधळ्याच्या दाण्याएवढीं रुंद, कांहीं केसासारखीं बारीक, तर कांहीं मध्येंच विरून गेलेलीं. सुतार तीं पाहून लाकडाचा पक्केपणा जोखतो आणि पुढच्या कामास लागतो. परंतु त्या वलयांत महाराष्ट्राच्या इतिहासाचें एक असें साधन आहे, कीं जें कोणत्याहि दप्तरांत सांपडावयाचें नाहीं.

त्या साधनाची गरज कां पडते, हें वाकडहून फार दूर न जातां समजतें. थोड्याच अंतरावर इंद्रायणीच्या कांठीं देहू आहे. १६३० सालीं पाऊस फसला आणि दक्षिणेंत व गुजराथेंत भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांच्या घरांतील माणसें त्या काळांत अन्नावांचून गेलीं, आणि त्या दुःखाची खूण त्यांच्या अभंगांत उमटली. त्याच सुमारास पीटर मंडी नांवाचा इंग्रज प्रवासी सुरतेहून आग्र्यास गेला. वाटेंत पाहिलेले हाल त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत लिहून ठेविले. शाहजहानच्या दरबारचा बखरकार अब्दुल हमीद लाहोरी यानेंहि या दुष्काळाची नोंद केली. संत, प्रवासी आणि दरबारी लेखक अशा तीन निरनिराळ्या माणसांची ही साक्ष आहे. पण पाऊस किती कमी पडला, ओढ मावळांत आणि कोंकणांत सारखीच होती काय, त्यापूर्वींचीं वर्षें कशीं गेलीं होतीं, हें मोजून ठेवणारा त्यांच्यांत कोणी नव्हता. सर्व देशाच्या पावसाचे सलग आंकडे १८७१ पासून पुढें मिळतात. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं निघालें. त्यामागचा सारा काळ मोजणीच्या दृष्टीनें अंधाराचा आहे. त्या अंधारांत दरसाल न चुकतां टिपण करणारा एक लेखक मात्र सह्याद्रीच्या रानांत उभा होता. तो म्हणजे साग.

सागाचें टिपण कसें होतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. झाडाच्या सालीच्या आंत सजीव पेशींचा एक अत्यंत पातळ थर असतो. खोडाची सारी जाडी हाच थर वाढवितो. साग हा ऋतूंचें बंधन पाळणारा वृक्ष आहे. उन्हाळा आला कीं तो पानें टाकून उघडा होतो, आणि पाऊस जवळ आला कीं नव्या पालवीबरोबर त्या थराला जाग येते. वर्षाच्या आरंभीं तो पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या तोंडाच्या नळ्या घालतो. पुढें नळ्या लहान होत जातात व लाकूड घट्ट होत जातें. थंडींत वाढ थांबते. पुढील वर्षीं पुन्हां मोठ्या नळ्यांची रांग. घट्ट लाकडाशेजारीं ही रांग एकदम सुरू होते, म्हणून दोन वर्षांमधली सीमा नुसत्या डोळ्यांनाहि दिसते. आपल्याकडील पुष्कळ झाडें अशी शिस्त पाळीत नाहींत. त्यांची वाढ निरनिराळ्या वेळीं थोडीथोडी होत राहते आणि वलयें अस्पष्ट राहतात. त्यामुळें उष्ण कटिबंधांतील झाडांवरून वर्षें मोजतां येणार नाहींत, असा समज युरोपीय विद्वानांत बरेच दिवस होता. सागानें तो खोटा पाडला.

येथवरची गोष्ट सोपी वाटते: वलयें मोजावीं, रुंद तें सुकाळाचें व अरुंद तें दुष्काळाचें म्हणावें, आणि इतिहास लिहावा. परंतु एकट्या झाडावर असा भरंवसा टाकणारा मनुष्य हमखास फसतो. प्रश्न नेहमींच्या वलयांचा नसतो. तो विचित्र वलयांचा असतो. आणि नेमकीं तींच इतिहासाला हवीं असतात.

पहिला फसवा प्रकार म्हणजे खोटें वलय. वळिवाच्या सरींनीं झाड जागें होतें, नळ्या घालूं लागतें. मग पाऊस दीर्घ ओढ देतो आणि वाढ खुंटते. पुढें खरा पावसाळा लागल्यावर ती पुन्हां सुरू होते. एका वर्षांत दोन वलयें दिसतात. पाऊस नीट असूनहि असें होऊं शकतें. कारण सागाचीं पानें खाणाऱ्या अळीची धाड आली, तर भर हंगामांत झाड उघडें पडतें. केरळांतील वनसंशोधन संस्थेच्या अभ्यासकांनीं १९९८ सालीं सागाच्या खोट्या वलयांचीं अशींच कारणें दाखवून दिलीं. तीं ओळखण्याची खूण अशी, कीं खऱ्या वलयाची कड धारदार असते आणि ती खोडाभोंवतीं पूर्ण फिरते. खोट्याची कड दोन्ही अंगांनीं विरघळत जाते, आणि पुष्कळदां अर्ध्या वाटेंतच नाहींशी होते.

दुसरा प्रकार याच्या उलट, म्हणजे गळालेल्या वलयाचा. फार कठीण वर्षीं झाड सर्व बाजूंनीं वाढत नाहीं. एका अंगाला लाकूड धरतें आणि दुसऱ्या अंगाला त्या सालाची रेघसुद्धां उमटत नाहीं. म्हणजे ज्या वर्षाची साक्ष सर्वांत मोलाची, तेंच वर्ष पानावरून पुसलेलें असण्याचा संभव असतो. तिसरा प्रकार उताराचा. डोंगराच्या कडेला कललेलें झाड तोल सांवरण्यासाठीं एका अंगाला अधिक लाकूड घालतें. सागासारख्या रुंद पानांच्या झाडांत हा जाडपणा वरच्या अंगाला येतो. तेथील रुंद वलयांचा पावसाशीं कांहीं संबंध नसतो. झाडाच्या बालपणींचीं वलयेंहि स्वभावतःच रुंद असतात आणि म्हातारपणीं तीं बारीक होतात. हा वयाचा परिणाम आधीं वजा करावा लागतो.

यांतच माणसाच्या हातांनीं झालेली लबाडी मिसळते. मावळांत आणि कोंकणांत भाताचें रोप टाकण्यापूर्वीं जमीन भाजण्याची पद्धत होती. त्या राबासाठीं रानांतील झाडांच्या फांद्या कोयत्यानें छाटून नेत. छाटलेलें झाड पाऊस चांगला असला तरी कांहीं वर्षें वाढत नाहीं. अशा झाडांतील बारीक वलयांची माळ पाहून कोणी ओळीनें चार दुष्काळ लिहून काढले, तर त्यानें मेघांचा इतिहास म्हणून कोयत्याचा इतिहास लिहिला असें होईल. वणव्याची खूण मात्र वेगळी असते. जळालेल्या जागेवर नवें लाकूड दोन्ही कडांनीं गुंडाळी घेत येतें आणि डाग आंत झांकला जातो. तो कोणत्या वलयावर आहे हें पाहिलें कीं वणव्याचें साल कळतें.

मग यांतून खरें निवडावें कसें? याचें उत्तर अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत सांपडलें, आणि तें देणारा गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञ नसून ज्योतिषी होता. ए. ई. डग्लस याला सूर्यावरील डागांचें चक्र आणि पाऊस यांचा संबंध शोधावयाचा होता, आणि त्यासाठीं त्यानें १९०४ पासून पाइन वृक्षांचीं वलयें मोजावयास आरंभ केला. त्याच्या लक्षांत आलें, कीं एका झाडांतील रुंद-अरुंद वलयांचा क्रम शेजारच्या झाडांतहि तसाच येतो, आणि कोसों दूरच्या झाडांतहि पुष्कळ अंशीं जुळतो. जेथें एका झाडांत एक वलय अधिक किंवा उणें, तेथें त्यापुढील सारा क्रम सरकतो, आणि इतर झाडांशीं ताडून पाहतांच चूक पकडली जाते. वलय मोजणें ही अर्धीच विद्या. वलय ताडणें ही खरी विद्या. जिवंत झाडापासून जुन्या तुळईपर्यंत अशी सांखळी मागें मागें नेतां येते. त्या प्रांतांतील प्राचीन वस्त्यांच्या लाकडांची एक सांखळी डग्लसजवळ तयार होती, पण ती जिवंत झाडांच्या सांखळीला जोडणारा दुवा मिळत नव्हता. १९२९ च्या जून महिन्यांत शो लो नांवाच्या गांवीं एक जळकी तुळई सांपडली. तिचें सर्वांत आंतलें वलय १२३७ सालचें निघालें, आणि दोन्ही सांखळ्या एक झाल्या. कित्येक ओसाड वस्त्यांना एका रात्रींत सनावळ्या मिळाल्या. इतकेंच नव्हे, तर तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२७६ ते १२९९ पर्यंत, तेथें दीर्घ अवर्षण होतें हेंहि उघड झालें.

महाराष्ट्राच्या इतिहास-संशोधकांना ही रीति परकी वाटण्याचें कारण नाहीं. कारीच्या जेध्यांच्या घराण्यांतील शकावली लोकमान्य टिळकांनीं उजेडांत आणली, तेव्हां तिच्यांत शिवछत्रपतींच्या जन्माचा शक १५५१ आढळला. तोंवर रूढ असलेला शक १५४९ होता. एका कागदांत आहे एवढ्यावरून कोणी तो मानला नाहीं. परमानंदाच्या शिवभारताचा आणि जुन्या जन्मपत्रिकेचा पडताळा मिळाला, तेव्हां त्या तिथीला बळ आलें. शकावलीकार एखादें साल विसरतो, एखादें दोनदां लिहितो, ऐकीव गोष्ट नोंदवितो. झाडहि तसेंच करतें. दोघांनाहि एकच कसोटी लागते: स्वतंत्र साक्षी आपसांत जुळल्या पाहिजेत.

ही कसोटी सागाला प्रथम मोठ्या प्रमाणावर लागली ती जावा बेटांत. तेथें काम करणाऱ्या बर्लागे या डच शास्त्रज्ञानें १९३१ सालीं १५१४ ते १९२९ पर्यंतच्या सागाच्या वलयांची माला प्रसिद्ध केली. आपल्याकडे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत के. ए. चौधरी यांनीं त्याच दशकाच्या अखेरीस हिंदी झाडांत वाढीचीं वलयें कशीं बनतात याचा अभ्यास केला. पुढचें काम पुण्यास झालें. १९६२ सालीं पुण्यांत स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था वाकडपासून जवळच, पाषाणला आहे. तेथील जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगांवकर यांनीं १९८३ सालीं ठाणें भागांतील सागाच्या वलयांचा तेथल्या हवामानाशीं असलेला संबंध मांडला. या कामासाठीं जिवंत झाड तोडावें लागत नाहीं. पोकळ गिरमिटानें खोडाच्या सालीपासून गाभ्यापर्यंत पेन्सिलीहून बारीक अशी एक कांडी काढून घेतात. एकाच झाडाच्या दोन बाजूंनीं दोन कांड्या घेतल्या, म्हणजे एका अंगाची लबाडी दुसरें अंग उघड करतें.

या परंपरेंतील सर्वांत लांब पल्ल्याचें काम २०१० सालीं बाहेर आलें. बोरगांवकर व त्यांचे सहकारी यांनीं केरळांतील जुन्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग माला बांधली. ज्या वर्षीं देशाचा पाऊस कमी, त्या वर्षीं वलय बारीक, हा संबंध तिच्यांत स्पष्ट दिसला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बारीक वलयें विशेषेंकरून अशा दुष्काळी वर्षांत येतात, कीं जेव्हां पॅसिफिक महासागराचें विषुववृत्ताजवळचें पाणी नेहमींपेक्षां अधिक तापलेलें असतें. या घटनेला ‘एल निनो’ म्हणतात. पेरूच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना जाणवलेला समुद्राचा फेर आणि केरळच्या रानांतील एका खोडावरील रेघ यांचा असा संबंध लागतो. त्याच वर्षीं एडवर्ड कूक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आशियांतील तीनशेंहून अधिक ठिकाणचीं वलयें एकत्र करून पावसाळी प्रदेशांतील अवर्षणांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यांत चार मोठीं अवर्षणें उठून दिसतात: चीनमध्यें मिंग राजवटीच्या अखेरचें १६३८ ते १६४१ चें, १७५६ ते १७६८ चें, १७९० ते १७९६ चें, आणि १८७६ ते १८७८ चें. यांतील तिसरें म्हणजे सवाई माधवरावांच्या कारकीर्दींतला काळ. इंग्रजी कागदांत जो ‘कवट्यांचा दुष्काळ’ म्हणून नोंदलेला आहे, तो १७९१-९२ चा दुष्काळ याच मुदतींत पडतो.

येथें मात्र हात आंखडता घेतला पाहिजे. वलय पावसाची साक्ष देतें, दुष्काळाची नाहीं. १८७६ सालीं दक्षिणेंत पाऊस फसला हें झाड सांगेल. परंतु माणसें मरत असतांना धान्य देशाबाहेर जातच होतें, हें झाड सांगणार नाहीं. तें कळण्यासाठीं पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्या वेळीं गांवोगांवची माहिती जमवून सरकारकडे पाठविलेले वृत्तांतच वाचावे लागतात. पाऊस आकाशांतून कमी पडतो. दुष्काळ पुष्कळदां जमिनीवर घडविला जातो. तसेंच १७५६ ते १७६८ ह्या अवर्षणाच्या मुदतींत पानिपत आलें म्हणून त्या पराभवाचें खापर वलयांवर फोडणें हा उतावळेपणा होय. केरळच्या सागावरून मावळचा पाऊस परस्पर काढणेंहि तितकेंच धोक्याचें. मावळच्या प्रश्नाला मावळचेंच, निदान सह्याद्रीच्या या कुशीतलें लाकूड हवें.

तें लाकूड कोठें आहे? रानांत फार जुने साग आतां विरळा. आरमाराला, वाड्यांना, देवळांना आणि पुढें इंग्रजांच्या गोद्यांना सागच लागत असे. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लाकूड तोडण्याविषयीं निर्बंध सांगितले आहेत, यावरूनच तोडीचा ताण केवढा होता याची कल्पना येते. मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर आहे. म्हणजे या देशाच्या पावसाचीं कांहीं पानें परदेशीं सुरक्षित राहिलीं.

घरचीं पानें मात्र तशीं राहिलीं नाहींत. शनिवारवाडा १७३० ते १७३२ मध्यें बांधला गेला. त्याला साग जुन्नरच्या रानांतला, दगड चिंचवडच्या खाणींतला आणि चुना जेजुरीचा, असें सांगतात. १७३० सालीं तोडलेला साग सव्वाशें वर्षांचा असता, तर तुकोबांनीं पाहिलेल्या दुष्काळाचें वलय त्याच्या पोटांत असतें. १८२८ सालच्या आगींत तो वाडा कित्येक दिवस जळत होता. तट आणि चौथरे राहिले, लाकूड गेलें. त्या आगींत महाल जळाले याची हळहळ सर्वांस आहे. एक सबंध जंगलाची शकावली जळाली याची आठवण कोणाला होत नाहीं. दुसऱ्या टोंकाला कार्ल्याचें चैत्यगृह आहे. तेथें छताखालच्या मूळच्या सागवानी कमानी सुमारें दोन हजार वर्षें टिकल्या आहेत. त्यांच्यापर्यंत पोंचणारी सागाची सांखळी अद्याप जुळलेली नाहीं. परंतु शो लोची तुळई सांपडेपर्यंत अमेरिकेंतहि तसेंच होतें.

मधला दुवा शोधावयाचा तो साध्या घरांच्या तुळयांत. यांतहि अडचणी आहेत. सालीलगतचें फिकट लाकूड किडींना आवडतें, म्हणून सुतार तें तासून टाकतो. त्याबरोबर अखेरचीं वलयेंहि जातात. त्यामुळें झाड अमुक सालापूर्वीं तोडलेलें नाहीं इतकेंच खात्रीनें म्हणतां येतें. शिवाय एका घराची तुळई दुसऱ्या घरांत वापरण्याची चाल जुनी आहे. लाकूड कोणत्या रानांतलें, हें घरच्या वृद्धांखेरीज कोणाला ठाऊक नसतें, आणि घर विकलें गेलें कीं ती आठवणहि विखुरते. म्हणूनच वखारींत पोंचलेलें लाकूड इतिहासाच्या दृष्टीनें अर्धें मुकें झालेलें असतें.

वाकड, पुनावळें, ताथवडें या भागांत आणि खुद्द पुण्याच्या पेठांत जुनीं घरें उतरण्याचें काम चालूच आहे. घरें पाडूं नयेत असें म्हणणें व्यर्थ. राहणाऱ्यांनाहि पक्कें छप्पर हवें. परंतु तुळई करवतीखालीं जाण्यापूर्वीं तिच्या टोंकाचा चार बोटें जाडीचा एक काप काढून ठेवावा, त्यावर घराचें ठिकाण, खोली आणि वडीलधाऱ्यांना आठवत असेल तर लाकडाचें मूळ लिहावें, एवढ्याला खर्च जवळजवळ नाहीं. पवनेच्या पाण्यावर जगणाऱ्या या नव्या नगराला, वाईट पावसाळे पूर्वीं ओळीनें किती आले होते, हें जाणून घेण्याची गरज गांवापेक्षां अधिक आहे; मोजणीचीं दीडशें वर्षें त्या प्रश्नाला पुरीं पडत नाहींत. देहूच्या परिसरांत १६३० सालीं पाऊस किती वर्षांच्या ओढीनंतर फसला होता, याचें उत्तर एखाद्या पडक्या घराच्या तुळईंत असणें अशक्य नाहीं. तें उत्तर एकदां पलंगाच्या पायांत तासलें गेलें, कीं पुन्हां वाचतां येणार नाहीं.